भिंतीवरची रेघ

आमच्या गावात पाण्याची गोष्ट सांगायची म्हणजे पुराची सांगावी लागते. कृष्णाकाठचं गाव, मिरजेपासून तीन-चार कोसांवर. नदी आमच्या परसाच्या बाजूला, आणि म्हणून परसदारच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या वीतभर वर, एक आडवी काळी रेघ आहे. २००५ च्या पुरात पाणी तिथवर आलं होतं. पूर ओसरला, गाळ काढून झाला, भिंती वाळल्या, आणि मामंजींनी स्वतः ब्रश हातात घेऊन ती रेघ ओढली. वर आकडा घातला : २००५. घरात चित्रकलेची पदविका घेतलेली सून असताना ती रेघ थोडी तिरकीच आली, पण मामंजींना ते कोण सांगणार? पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना परसात नेऊन रेघ दाखवायची, अशी पुढं रीतच पडली. कुणाच्या घरी आजोबांना मिळालेला बिल्ला दाखवतात, आमच्या घरी पूर दाखवतात.

सांगायचं एवढंच की दुष्काळ हा शब्द मला ठाऊक होता तो वर्तमानपत्रातून आणि आईच्या बोलण्यातून. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे आताची दहावी, आणि त्यावर ती पदविका. हायस्कुलात चित्रकला शिकवते. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दोन्ही उद्योगांत पाण्याची चिंता करावी असं काही नसतं. रंगाच्या बशीला पाणी लागतं ते नळाला असतं, आणि कादंबरीत दुष्काळ आणायचा झाला तर दोन ओळी पुरतात. जमीन भेगाळली होती. आभाळाकडे डोळे लागले होते. झालं.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी जाऊ लागलं, तेव्हा आमच्याकडे त्याचं मोठं नवल झालं. पहिली गाडी दहा वाघिणींची. ११ तारखेला निघाली, १२ ला लातुरात पोहोचली. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून पाच लाख लिटर. वर्गात मी मुलांना हिशेब घातला. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. तर माणशी पाणी किती? चित्रकलेच्या तासाला गणित आलेलं पाहून मुलं वैतागली, पण एकानं उत्तर काढलं, "एक तांब्या आणि थोडं वर." पुढं गाडीला पन्नास वाघिणी लागू लागल्या, पंचवीस लाख लिटर जाऊ लागलं. तरी तांबे पाच-सहाच.

मी स्वतः ती गाडी एकदा मिरज स्टेशनात उभी असलेली पाहिली. लांबच लांब, गोल पोटांच्या टाक्या, आणि पलीकडे बंदोबस्ताचे पोलीस. पाण्याला पोलीस! माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "आमच्या नदीचं पाणी." त्याच्या आवाजात अभिमान होता की कुरकुर होती, मला नीट कळलं नाही. मला मात्र अभिमानच वाटला. आपण देतो आहोत, असा. देणाऱ्यांत माझा वाटा काय, हा प्रश्न त्या वेळी सुचला नाही.

माझी एक मैत्रीण, पदविकेच्या वर्गात माझ्या शेजारच्या घोडीवर बसून चित्रं काढणारी, लातूरला शिक्षिका होती. तिनं कळवलं की शहरापासून थोडं दूर मुलांचं एक वसतिगृह आहे. तिथली मुलं एरवी मे महिन्यात आपापल्या गावी जातात. यंदा गावाकडे पाणीच नाही, तेव्हा आजी-आजोबांनी, मामा-काकांनी कळवलं की लेकरं तिथंच ठेवा. कामाची माणसं मात्र नेहमीप्रमाणे सुट्टीवर. तू येतेस का तीन आठवडे? मुलांना चित्रं शिकव, बाकी हाताला येईल ते कर.

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायला हरकत नाही, त्यात दया किती आणि कादंबरीकाराचा लोभ किती, याची वाटणी मला आजही करता येत नाही. बॅगेत मी कोरी वही घातली, दोनशे पानी. आणि मुलांसाठी जलरंगाच्या चाळीस पेट्या घेतल्या. शब्द परत वाचा म्हणजे माझी अक्कल कळेल : जलरंगाच्या.

हे म्हणाले, "जपून. तिथलं पाणी उकळून पी." सासूबाईंनी पाच लिटरचा पाण्याचा कॅन बरोबर दिला. मी म्हटलं, कशाला एवढं ओझं? त्यांनी उत्तर दिलं नाही. आमच्या सासूबाई जिथं उत्तर देत नाहीत तिथं त्यांचंच बरोबर असतं.

पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) करत गाडी निघाली. पाण्याची गाडी गेली त्याच रुळांवरून. पंढरपूर सोडल्यावर खिडकीतला हिरवा रंग हळूहळू उतरला. चित्र काढणाऱ्याला उन्हाळ्यातला माळ रंगीत दिसतो. पिवळा, गेरू, जांभळट करडा. मी तशाच डोळ्यांनी पाहत होते. मग एका गावाबाहेर दोन-तीनशे घागरी ओळीनं मांडलेल्या दिसल्या. पितळेच्या, स्टीलच्या, निळ्या-हिरव्या प्लॅस्टिकच्या. माणूस एकही नव्हता. घागरींनाच नंबर लावून माणसं सावलीला गेली होती.

लातूरकडे २०१४ चा पाऊस फसला आणि २०१५ चाही. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. हे सगळं मी वाचून गेले होते. पण वसतिगृहाच्या दारात पहिल्या संध्याकाळी जे पाहिलं ते कुठं वाचलेलं नव्हतं. एका बाजेवर पाच-सहा वर्षांचा मुलगा उघडा बसला होता, बाजेखाली मोठं घमेलं, आणि दुसरा एक मुलगा त्याच्या डोक्यावर ओगराळ्यानं पाणी घालत होता. पाणी सुंभातून गळून घमेल्यात पडत होतं. त्या पाण्यात नंतर त्याचे कपडे बुचकळले गेले. कपड्यांचं पाणी शेणात घालून अंगण सारवलं. उरलं ते दारातल्या लिंबाला. एकच पाणी किती कामाला येतं हे मी पाहत राहिले. माझी बॅग हातातच होती आणि बॅगेत पाच लिटरचा कॅन.

मुलं चाळीसच्या थोडी वर होती. बहुतेक ऊसतोड कामगारांची. आई-बाप दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात ते चैत्राच्या सुमारास परततात. नवराबायको मिळून एक कोयता. मुलं बरोबर नेली तर शाळा बुडते, मागं ठेवली तर सांभाळणार कोण? म्हणून ही अशी वसतिगृहं. काहींचे वडील नव्हते. ते कसे गेले हे कुणी सांगत नसे आणि मीही विचारलं नाही. दोघं वृद्ध पतीपत्नी हे घर चालवीत. त्यांना सगळे सर आणि काकू म्हणत. आणि स्वयंपाकाला एक मावशी.

मावशी बोलायला लागल्या म्हणजे बहात्तर सालापासून सुरू करीत. "बहात्तरला ताटात काय न्हवतं बाई. तांबडा मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, खडी फोडली. पर आडात पाणी हुतं. आता रेशनची दुकानं भरलीत, अन् आडात दगुड टाकला तर वाजतंय." १९७२ च्या दुष्काळावर इतकी पुस्तकं निघाली, पण या दोन दुष्काळांतला फरक इतक्या थोडक्यात मी कुठं वाचलेला नाही. मावशींची भांडी राखेनं घासली जात आणि फडक्यानं पुसली जात, धुतली जात नसत. टँकर यायचा तो तीन-चार दिवसांनी, त्याचीही खात्री नसे. आला की हौदात तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, पिण्याचं वेगळं काढून उकळायचं. तुरटी फिरवायचं काम माझ्याकडे आलं. तीन आठवड्यांत मला खरोखर नीट आलेलं काम म्हणाल तर हेच.

आंघोळीला दर मुलाला पाच ओगराळी. सरांना पाच, काकूंना पाच, मलाही पाच. ओगराळं असे एका मुलाच्या हाती, तोच पहिल्या दिवशी बाजेशी दिसलेला. वय दहाएक वर्षांचं, मान बारीक, डोळे मोठे. त्याला सगळे 'मुकादम' म्हणत, सरसुद्धा. तो ओगराळं काठोकाठ भरी, क्षणभर तसंच धरी, थेंब पडायचा थांबला की ओती. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. एकदा त्याचा जिवलग दोस्त सहाव्यासाठी गयावया करायला लागला. मुकादम नुसता म्हणाला, "पाच. पुढं." दोस्त पुढं गेला. आमच्या शाळेत इतकं वचक असलेलं माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे घंटा देणारा शिपाई.

रंगपेट्या मी दोन दिवस काढल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी वाटलं, अर्ध्या तांब्यात निदान एकदा करून दाखवावं. पिण्याच्या पाण्यातलं नाही, माझ्या आंघोळीतलं वाचवलेलं. लिंबाखाली मुलं गोल बसली. मी कागद ओला केला, ब्रश निळ्यात बुडवला आणि आभाळाचा हात मारला. वरून गडद, खाली फिकट होत जाणारं आभाळ. वर्गात हे दाखवलं की मुलं 'आ' करतात. इथं कागदाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे डोळे तांब्यावर. मी ब्रश त्यात बुचकळला, पाणी निळं झालं, आणि एक बारकी मुलगी काळजीनं म्हणाली, "बाई, आता हे कोन पिनार?"

मला काही बोलता येईना. मुकादम उठला. त्यानं तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि ते निळं पाणी लिंबाच्या मुळाशी, थोडं थोडं, चारी बाजूंनी घातलं. रिकामा तांब्या माझ्यासमोर ठेवून तो जागेवर जाऊन बसला.

पेट्या बॅगेत परत गेल्या. मैत्रिणीनं शहरातून मेणाचे खडू पाठवले. मावशींनी चुलीतले कोळसे दिले, काकूंनी गेरूचा खडा दिला. कागद थोडा पडला तेव्हा मी ती दोनशे पानी वही फाडून वाटली. तिच्यात त्या वेळपर्यंत माझ्या अक्षरात तीनच ओळी होत्या, आणि त्यांत जमीन भेगाळलेली होती.

मुलांची चित्रं सांगायची म्हणजे एक वेगळाच लेख होईल. आमच्याकडची मुलं 'माझं गाव' म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली नदी काढतात. डोंगर गावात असो वा नसो. ही मुलं टँकर काढीत. टँकरची चाकं, टँकरचा पाइप, टँकरवर चढलेली माणसं. उसाच्या गाड्या काढीत, गाडीवर ऊस, उसावर झोपलेलं बाळ. कोप्या काढीत, एकीला चिकटून एक, पाचटाच्या. एका मुलीनं विहीर काढली ती आतून, म्हणजे विहिरीच्या तळातून वर पाहिलं तर दिसेल तशी. गोल आभाळ आणि कडेनं वाकलेली तोंडं. मी म्हटलं, हे तू कुठं पाहिलंस? ती म्हणाली, "मला दोरीनं सोडत्यात की. वाटीनं भरायला."

मुकादम दोन दिवस कागद घेऊन बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं काढायला घेतलं. गेरूनं एक भिंत. भिंतीशी तुळशीवृंदावन. डाव्या बाजूला नळ, नळाला लावलेली लांब नळी, नळी वरच्या मजल्यावर गेलेली, आणि मजल्याच्या कडेवरून निळं पाणी खाली ओघळतंय. मी मागं उभी राहून पाहत होते. मनात म्हटलं, पोराला नजर आहे. वस्तू जागच्या जागी बसवतो. मग त्यानं कोळसा उचलला आणि भिंतीवर, दाराच्या वरच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली. थोडी तिरकी.

लोक म्हणतात काळजात धस्स झालं. माझं तसं झालं नाही. मला आधी नुसतं नवल वाटलं, की हे घर मी ओळखते.

"हे कुठलं घर रे?"

"तिकडलं. कारखान्याकडलं. आमी दोन सालामागं तिकडं हुतो. मंग आईनं हितं घातलं." तो रेघेवर कोळसा पुन्हा पुन्हा फिरवीत होता. "बाई, घरावर रेघ कामून मारत्यात?"

मी त्याच्याशेजारी बसले. सांगितलं की नदीला पूर येतो तेव्हा पाणी घरात शिरतं. एकदा ते इतकं वर आलं होतं. आठवण राहावी म्हणून रेघ मारतात. त्यानं चित्राकडे पाहिलं. दारापासून रेघेपर्यंत बोट वर नेलं.

"येवढं पाणी?"

"एवढं."

"घरात?"

"घरात. गहू, ज्वारी, गाद्या, सगळं त्यात."

तो बराच वेळ गप्प होता. मी खोटं सांगते आहे की काय, हे तो ताडून पाहत असावा. मग म्हणाला, "तुमाला कसं ठाव?"

तिथं मी थांबले असते तर चाललं असतं. पण शिक्षकीत एक खोड लागते, विचारलेल्याचं उत्तर देण्याची. मी म्हटलं, "ते घर आमचं आहे."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याबरोबर मलाही दिसू लागलं. २०१४ ची दिवाळी होऊन गेली होती, थंडी होती. पुराच्या भीतीनं आम्ही घरावर माडी चढवत होतो. नवा स्लॅब पडला होता, त्याच्यावर मातीची आळी करून दिवसरात्र पाणी सोडलेलं असे. स्लॅबवरून ते परसात ओघळत असे. शाळेतून येऊन जेवणापर्यंतचे दोन तास माझे लिहिण्याचे. परसदारच्या खोलीत खिडकीशी टेबल. आमच्या फडात टोळी उतरली होती. एका संध्याकाळी खिडकीशी एक बाई आली. कडेवर मूल, डोक्यावर घागर, पदराला धरून एक मुलगा. "बाईसाब, पान्याची येक घागर भरू का?" माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. मी मान वर न करता म्हटलं, "इथं नको. बांधकाम चाललंय. विहिरीवर जा." आणि वाक्य पुरं केलं.

त्या वर्षी मी काय लिहीत होते ते सांगत नाही. छापून आलं, दोघा-चौघांनी चांगलं म्हटलं. त्यात गरीब माणसं होती.

"ती बाई तुमीच व्हय?" मुकादमानं विचारलं. आवाजात राग नव्हता. एखाद्या वस्तूचं माप लागावं तसं त्याला ते लागलं होतं.

"मीच."

तो पुन्हा चित्रावर वाकला. निळा खडू घेऊन नळाखाली, नसलेल्या ठिकाणी, एक घागर काढू लागला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि मावशींच्या हातातली परात ओढून भाकऱ्या थापायला लागले. मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पीठ पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीची रांग. माझी पाळी शेवटची, मुलींच्या मागं, आडोशाला. बादली मुकादमाच्या पुढं ठेवायची, तो भरून देणार. मी बादली ठेवली. मनात एक विचित्र इच्छा होती : त्यानं आज एक ओगराळं कमी घालावं. त्यानं घातली. एक, काठोकाठ. थेंब थांबेपर्यंत धरलेलं. दोन. तीन. चार. पाच.

"पाच. पुढं."

त्या पाच ओगराळ्यांची आंघोळ मी केली नाही. पाणी तसंच हौदात परत ओतलं. काकूंनी ते पाहिलं आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. "बाई, इथं उपासतापास चालत नाहीत. अंगाला पाणी लागलं नाही तर खरूज होते, मग ती चाळीस जणांना होते. वाटणीचं पाणी वापरायचं." त्यांचं बरोबर होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला लिंबाखाली गाठलं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. कादंबरीतल्या पात्रांना मी किती सहज माफी मागायला लावते, पण तिथं जीभ जड झाली. म्हटलं, "मुकादम, त्या दिवशी तुझ्या आईला पाणी द्यायला हवं होतं. माझं चुकलं."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. म्हणाला, "आई म्हनली, बाई कायतरी लिवायल्यात, कामात हायत. गडबड करू नगं. आपुन नदीवरनं आनू." थोडं थांबून माझी समजूत घालावी तसं म्हणाला, "नदी लई लांब न्हवती."

नदी आमच्या घरापासून लांब नाही हे खरं. पण उतार निसरडा आहे, आणि संध्याकाळी कडेवर मूल घेऊन भरली घागर चढवायची म्हणजे काय, ते मी कधी करून पाहिलेलं नाही. त्याची आई कुठं आहे म्हणून विचारलं. पुण्याकडे बांधकामावर गेली होती. बापही. यंदा इकडच्या शेतात काहीच नव्हतं.

चित्र त्यानं मला दिलं नाही. मीही मागितलं नाही. रंगाच्या चाळीस पेट्या मात्र मी तिथंच ठेवून आले. सर म्हणाले, "पाऊस पडला की काढू." त्या वर्षी पाऊस पडलाही. पावसाळा सरताना मांजरा धरण भरलं, आणि पाण्याची गाडी त्याआधीच बंद झाली होती. मैत्रिणीनं कळवलं की पहिल्या पावसात मुलं पेट्या घेऊन अंगणात गेली आणि पागोळीखाली कागद धरून रंगवत बसली. सगळे रंग वाहून गेले आणि मुलं हसत सुटली.

घरी आल्यावर मी फडाच्या कडेला एक नळ बसवायचा विषय काढला. टोळी उतरते तिथं, कोप्यांच्या जागेजवळ. हे गप्प राहिले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, एकदा सवय लावली की दरसाल मागतील." मी म्हटलं, "दरसाल येतातच की." दोन महिने या विषयावर घरात धुसफूस चालली. अखेर मामंजी, ज्यांना मी या बाबतीत कधी विचारलंच नव्हतं, ते एके दिवशी जेवताना म्हणाले, "नदी काय आपल्या बापानं खणली?" नळ बसला. हंगामात टोळी आली, नळाशी बायका आल्या. त्या बाईला मी प्रत्येक वर्षी शोधते. तोंड आठवत नाही, ही अडचण आहे. मी मान वर केली नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पुन्हा महापूर आला. सांगलीला इर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमची रेघ बुडाली. आम्ही दोन दिवस माडीवर होतो, मग नावेतून काढून आम्हांला एका शाळेत नेऊन ठेवलं. तिथं पाचव्या दिवशी माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज घोगरा, वयात येणाऱ्या मुलाचा.

"बाई, मी मुकादम."

वर्तमानपत्रात फोटो पाहून त्यानं काकूंकडून नंबर घेतला होता. त्यानं आधी विचारलं, "रेघ कुठवर आली?"

"जुनीच्या वर. दोन हात."

तो गप्प झाला. मनात बोट वर नेत असावा.

"बाई, प्यायला पाणी हाय का?"

मी म्हटलं, "आहे रे. टँकर येतो इथं. माणशी दोन बाटल्या देतात."

"वाटतं कोन?"

"इथलाच एक मुलगा आहे."

"समद्यास्नी सारखं देतो का?"

मी रांगेकडे पाहिलं. माझा नंबर अजून लांब होता. म्हटलं, "थांब, बघून सांगते."